बाइंडिंगच्या खोलीतला सर्व्हर

१

मंगळवारी सकाळी सव्वादहाला माझ्या जावयाने सर्व्हरचं बटण दाबलं. पंखे नेहमीसारखे किंचाळले, मग सुरात आले. दोन मिनिटांनी तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, "आई, जरा दार लावून घ्या."

मी दार लावलं. "काय झालं?"

"यात काहीच नाहीये. कोणीतरी सगळ्या डिस्का पुसून त्यावर नवी सिस्टिम बसवलीय."

मला आधी त्याचा अर्थच लागेना. अकरा वाजता बैठक होती आणि बैठकीचा विषयच तो होता, की या सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची. आम्ही ठरवायच्या आधीच कोणीतरी ठरवून मोकळं झालं होतं.

आमचं वाचनालय अंध वाचकांचं आहे. इथे कपाटं कमी आणि हेडफोन जास्त. आवाज देणारी माणसं पुस्तक मोठ्याने वाचतात, ते ध्वनिमुद्रित होतं, कापून-जोडून नीट केलं जातं आणि सभासदांकडे जातं. बावीस वर्षांत सव्वासहाशे पुस्तकं झाली. मी इथली ग्रंथपाल. सर्व्हर जावयाने आणला. त्याच्या कंपनीने तो भंगारात काढला होता आणि हा गडी टेम्पोत चढलेलं मशीन परत उतरवून घेऊन आला. अकरा वर्षांचं धूड, पुढे आठ डिस्कांचे खण. आमच्या बाइंडिंगच्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं तेव्हा टेबलाचे पाय कुरकुरले होते.

रविवारी आमच्या ध्वनिमुद्रकांनी, म्हणजे दादांनी, कंपनीच्या जुन्याच सिस्टिमवरून त्यावर आमच्या सगळ्या रॉ फायली चढवल्या होत्या; नवी सिस्टिम वेगळ्या डिस्कवर बसायची होती. रॉ म्हणजे कापाकापीच्या आधीचं मूळ ध्वनिमुद्रण, चुका, खोकला, मध्येच मागितलेलं पाणी, सगळ्यासकट. सभासदांकडची पुस्तकं जुन्या प्लेअरमध्ये मावावीत म्हणून दाबून लहान केलेली असतात. ती कधी नव्याने चांगली करायची झाली, तर रॉ पाहिजेच. आणि आवाज देणाऱ्यांपैकी अकरा जण आज हयात नाहीत.

"दुसरी प्रत असेल ना?" जावयाने विचारलं.

"दादांनी त्यांच्या डिस्का रविवारीच मोकळ्या केल्या," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.

त्याने सर्व्हरच्या पाठीमागे हात घालून एक पेनड्राइव्ह उपसून काढला. त्यावर ब्रेलचे ठिपके चिकटवलेले होते. तो कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

२

ताई आमच्या श्रवण-तपासनीस. जन्मापासून दिसत नाही. तयार झालेलं प्रत्येक पुस्तक त्या पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकतात आणि चुका टिपतात. त्यांनी 'ठीक' म्हटल्याशिवाय इथून काहीही बाहेर जात नाही. बावीस वर्षं आम्ही दोघी शेजारी बसून डबा खातो.

गेला महिनाभर या सर्व्हरवरून तीन तोंडं तीन दिशांना होती. दादा विंडोजवर अडून बसले होते. "माझं सगळं काम त्यावर चालतं. ती काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं मला कळत नाहीत, कळून घ्यायचीही नाहीत." जावई म्हणे, नवी विंडोज या म्हाताऱ्या मशीनला झेपणार नाही आणि जुनीला आता कोणी वाली नाही. त्याला बीएसडी नावाची वेगळीच सिस्टिम पाहिजे होती. "डिस्का जुन्या आहेत, आज ना उद्या मरणारच. बीएसडीत एखादी मेली तरी माल शाबूत राहतो." आणि ताईंना पाहिजे होती एक लिनक्स. ती बसवायला घेतल्याच्या पहिल्या मिनिटापासून मशीन बोलायला लागतं.

"मला दुसऱ्याच्या डोळ्यांनी चालवावं लागेल असं मशीन नको," त्या म्हणाल्या होत्या. "बावीस वर्षं मी 'जरा बघून सांगता का' म्हणतेय. आता कंटाळा आला."

ती लिनक्स कशी बसवायची याच्या पायऱ्याही त्यांनी मला महिन्याच्या सुरुवातीलाच सांगितल्या आणि मी टाइप केल्या. पहिलीच पायरी होती, 'बोलकी सोय चालू करा.' एक प्रत माझ्या फायलीत होती, दुसरी बाइंडिंगच्या खोलीत फळ्यावर टाचलेली.

आणि आता सर्व्हरवर नेमकी तीच लिनक्स होती.

मी अध्यक्षांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोमवारी वाचनालय बंद होतं. आत कोण आलं होतं?"

"ताई. दहा ते दोन. एक पुस्तक ऐकायचं राहिलं होतं."

"मग आणखी काय पाहिजे? हे बघा, त्यांना कोणी रागावू नका. पण यापुढे त्यांना मशीनला हात लावू देऊ नका. तपासणीचं कामही दुसऱ्या कोणाला देता येईल का, बघा."

मी फोन ठेवला आणि वळले. ताई दारातच उभ्या होत्या, काठी घडी करून काखेत. फोनमधला आवाज त्यांना ऐकू गेला नसेल, असं मानायला मी काही नवखी नव्हते.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्हालाही तसंच वाटतंय का?"

मी उत्तर द्यायला एक क्षण जास्त घेतला. तो त्यांनी बरोबर मोजला.

३

"बैठक रद्द करू नका," ताई म्हणाल्या. "फक्त तासभर पुढे ढकला. आळ माझ्यावर आहे, तर प्रश्नही मलाच विचारू द्या. एकेकाला ध्वनिकक्षात पाठवा. तुम्ही लिहून घ्यायला बसा."

ध्वनिकक्ष म्हणजे आमची ध्वनिमुद्रणाची खोली. जाड पडदे, भिंतींना स्पंज, आवाजाला कुठे आपटायला जागाच नाही. तिथे माणसाने थुंकी गिळली तरी कळतं. ताईंनी ती खोली का निवडली, हे मला पाच मिनिटांत समजलं.

पहिला जावई.

"माझी लिनक्स तुम्हाला नको होती," ताईंनी सुरुवात केली.

"नव्हतीच. पण म्हणून मी चार टीबीचा माल पुसेन का?"

"सोमवारी मी चार तास इथे होते. सर्व्हर एकदाही सुरू झाला नाही. तो सुरू झाला की शेजारच्या इमारतीतल्यांनाही कळतं. सिस्टिम बसली कधी, हे मशीन सांगत नाही?"

"घड्याळाची बॅटरी मेलीय. तारीख अकरा वर्षांपूर्वीची दाखवतंय." तो घुटमळला. "ताई, राग मानू नका. पण मशीन स्वतःची एक नोंदवही ठेवतं, ती मी वाचली. बसवताना पहिल्याच पायरीला बोलकी सोय निवडलीय. तुमच्याशिवाय ती लागते कोणाला?"

मी लिहायची थांबले. आता ताईंकडे बघणंही मला जड जात होतं.

"नक्की? बोलकी सोय?"

"शंभर टक्के."

ताईंनी मान डोलावली. मग त्यांच्या ओठांच्या कडेला जे आलं, ते मला आधी रडणं वाटलं. ते हसू होतं.

"दादांना पाठवा," त्या म्हणाल्या.

४

दादा आत आले, खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलायला लागले. साठीचा माणूस, नेहमी इस्त्रीचा शर्ट, गळ्यात हेडफोन. आमच्या सगळ्यात लाडक्या आवाजाचे हे यजमान. त्या आवाजाला आम्ही वहिनी म्हणतो. सव्वासहाशेतली दोनशे पुस्तकं एकट्या वहिनींची. वर्षभरापासून त्या वाचनालयात येत नाहीत, फोनवर बोलत नाहीत. आवाज जपायचा म्हणून फक्त घरी पुस्तकापुरता वापरतात, असं दादा सांगतात.

"रविवारी मी तीनला आलो, सहाला गेलो," दादा म्हणाले. "फायली चढवल्या, घरी जाऊन माझ्या सातही डिस्का पुसून ठेवल्या. परत द्यायच्या होत्या ना वाचनालयाला."

"इतकी घाई?"

"शिस्त आहे माझी."

"ती मला माहिती आहे," ताई म्हणाल्या. "वहिनी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"नवीन पुस्तक कुठवर आलं?"

"चाललंय." दादांनी घसा साफ केला. "ताई, एक सांगू? चूक कोणाकडूनही होते. त्यात तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला कोणी एका शब्दाने बोलणार नाही. मी स्वतः अध्यक्षांशी बोलतो. विषय इथेच मिटवू."

ताईंनी दाराकडे हात केला.

"आभारी आहे, दादा. बाहेर बसा."

ते गेले. मी कागद गोळा करायला लागले, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मॅडम, बसा ना. आता तुमची पाळी."

"माझी?"

"किल्ल्या तिघांकडे आहेत. माझ्याकडे, दादांकडे, तुमच्याकडे. जावई तुमची वापरतात. रविवारी वाचनालय कोणी बंद केलं?"

"मीच. सातला."

"माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्ह असतो, हे कोणाला माहिती?"

"मला. दादांनाही असेल." माझे कान तापले. "ताई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"सकाळी तुम्ही माझ्यावर घेतलाच ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "चला, सगळ्यांना त्या खोलीत बोलवा."

५

बाइंडिंगच्या खोलीत डिंकाचा वास आणि आम्ही चौघं. अध्यक्ष फोनच्या स्पीकरवर होते.

"जावईबापू," ताई म्हणाल्या, "पंधरा दिवसांपूर्वी आपण दोघं या मशीनच्या पाठीशी अर्धा तास बसलो होतो. मी बोटांनी एकेक भोक चाचपत होते. काय शोधत होतो आपण?"

जावयाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्यावरच हात मारला. "हेडफोनची जागा! अरे देवा."

"सापडली?"

"नाहीच ती! सर्व्हरला आवाजाची सोयच नसते. कपाटात बंद राहायचं मशीन, त्याचं कोण ऐकणार? म्हणून आपलं ठरलं होतं, की तुमच्या बोलक्या कॉम्प्युटरवरून तार जोडून चालवायचं. माझ्या डोक्यातच आलं नाही!"

"डोळ्यांनी वाचलं की डोकं कमी लागतं," ताई म्हणाल्या. "अध्यक्षसाहेब, ऐकताय? या मशीनवर बोलकी सोय चालू केली तरी मशीन मुकंच राहतं. बसवताना ते पंचवीस प्रश्न विचारतं. ते ऐकूच आले नाहीत, तर मी उत्तरं कशी देणार? ज्याने बसवलं त्याने ते पडद्यावर वाचले. बोलकी सोय निवडली ती ऐकण्यासाठी नाही, माझं नाव यावं म्हणून. फळ्यावरचा कागद समोर धरून, एकेक पायरी."

फोनमधून नुसता खाकरल्याचा आवाज आला.

"जावयांना हे ठाऊक होतं. माझ्यावर ढकलायचं असतं, तर मला सोडवणारी खूण त्यांनी ठेवली नसती. म्हणजे ते सुटले. राहिले मॅडम आणि दादा."

माझ्या तळहातांना घाम फुटला. निर्दोष माणसालाही फुटतो, हे त्या दिवशी कळलं.

"ताई, हे काहीतरीच," दादा म्हणाले. "मला ती काळी स्क्रीन कळत नाही, हे सगळ्यांना..."

"कागद वाचता आला की पुरे. जावईबापू, रॉ फायली चार टीबी. दादांनी त्या डिस्कांवरून थेट या मशीनला जोडून चढवल्या. किती वेळ लागेल?"

"याची यूएसबी सगळ्यात जुन्या पद्धतीची आहे. एका सेकंदाला तीस एमबी म्हणजे डोक्यावरून पाणी." जावई पुटपुटत हिशेब करत होता. "छत्तीस तास. सदतीस धरा."

"दादा तीन तास होते."

जावई दादांकडे बघायला लागला.

"तीन तासांत जेमतेम बारावा हिस्सा चढेल. मग पुसलं काय? जे आलंच नव्हतं ते," ताई म्हणाल्या. "मॅडमना यातलं काही लपवायची गरज नव्हती, त्या कधीही फायली चढवत नाहीत. रविवारी दादांनी थोड्या फायली दाखवण्यापुरत्या टाकल्या, मग सगळं पुसून माझी लिनक्स बसवली, माझा पेनड्राइव्ह मागे खोचून ठेवला आणि सहाला गेले. आता उरतो एकच प्रश्न. जो माणूस वहिनींच्या एका शिंकेच्या तीन प्रती ठेवतो, त्याला सगळ्या रॉ 'हरवल्या' असं दाखवायची वेळ का आली?"

दादांनी गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "बाकीचं इथे नको."

"इथेच," ताई म्हणाल्या. "माझं नाव इथेच घेतलं गेलं."

६

दीड महिन्यापूर्वी ताईंनी एक साधी चिठ्ठी दिली होती. वहिनींच्या शेवटच्या सहा पुस्तकांच्या रॉ फायली ऐकायला मिळाव्यात. मी ती बैठकीत ठेवली आणि बैठकीने मोठ्या मनाने ठराव केला, की सहाच कशाला, सगळ्याच रॉ नव्या सर्व्हरवर चढवा. ती चिठ्ठी मी पार विसरले होते.

"त्या सहा पुस्तकांत पान उलटल्याचा आवाज कुठेच नाही," ताई म्हणाल्या. "पुढच्या ओळीत भांडण येणार असलं की वहिनी आधी किंचित थांबतात. दोनशे पुस्तकांत थांबल्या, या सहांत नाही. मी घाबरले होते, दादा. मला वाटलं, त्यांना काहीतरी झालंय आणि तुम्ही सांगत नाही."

"झालंय," दादा म्हणाले. "मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन. आवाज गेला. पूर्ण." ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. "सभासदांचे फोन यायचे, वहिनींचं पुढचं पुस्तक कधी? ती ते ऐकायची आणि आत जाऊन बसायची. माझ्याकडे तिचे हजारो तास होते. ते कॉम्प्युटरला दिले. तो तिच्यासारखा वाचायला शिकला. एक करू म्हटलं. मग लोकांनी दुसरं मागितलं."

"आणि त्या सहांच्या रॉ नव्हत्याच."

"नव्हत्या. सगळ्याच गेल्या असं झालं, की सहांचं कोणी विचारणार नाही."

"दादा, बाकीच्या?" मी न राहवून विचारलं.

"घरी आहेत. सातही डिस्का. पुसायला हात धजला नाही."

जावयाने इतका मोठा श्वास सोडला की फोनमधून अध्यक्षांनी विचारलं, "काय झालं?"

ताईंचं मात्र झालं नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना बावीस वर्षांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही चढवला नाही.

"मीच का, दादा?"

"कोणी तुम्हाला बोललं नसतं," ते अगदी हळू म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला सगळे माफ करतील."

"हो. आंधळीच ती, चुकली असेल. त्यावरच तर तुम्ही भरवसा ठेवलात. वहिनींसाठी खोटं बोललात ते मी समजू शकते. पण माझी बावीस वर्षं तुम्ही त्या एका वाक्यात बसवलीत. आणि ते वाक्य इथे सगळ्यांना पटलं."

सगळ्यांमध्ये मीही होते. मी ताईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, दाबलाही नाही.

७

संध्याकाळी आम्ही दादांच्या घरी गेलो. ताईंचीच अट होती, की वहिनींना दादांनी आमच्यासमोर सांगायचं. कारण वहिनींना यातलं काहीच माहीत नव्हतं. लोक जुनीच पुस्तकं पुन्हा ऐकतायत, एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं.

दादांनी सांगितलं. वहिनी ऐकत राहिल्या. बारीक झाल्या होत्या, गळ्याला रुमाल. मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं. ताईंना दिसत नाही, वहिनींना बोलता येत नाही, म्हणून मी मध्ये बसून मोठ्याने वाचत होते.

"कुठली पुस्तकं, असं विचारतायत."

दादांनी हेडफोन दिला. वहिनींनी डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं. स्वतःचाच आवाज, जो त्यांनी कधी काढलाच नव्हता. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग हेडफोन उतरवला आणि भराभरा लिहिलं.

मला वाचताना हसू आवरेना. "त्या म्हणतायत, 'मी असं कधीच वाचलं नसतं. हिला गोष्टच कळलेली नाही.'"

ताई आधी फिसकन हसल्या, मग मोठ्याने. वहिनी आवाज न करता खांदे गदगदवत हसत होत्या. दादा एकटेच रडत होते. थोड्या वेळाने वहिनींनी वहीत आणखी एक ओळ लिहिली आणि ती मला वाचू न देता फाडून दादांच्या हातात दिली. तिच्यात काय होतं, ते मला आजही माहीत नाही.

बैठक पुढच्या मंगळवारी झाली. ताईंची लिनक्स बसली, आणि तिच्यात डिस्का जपायची पद्धत मात्र जावयाच्या हट्टाची. बसवली ताईंनी, स्वतःच्या कॉम्प्युटरला तार जोडून, कानात हेडफोन घालून. पंचवीस प्रश्नांना पंचवीस उत्तरं. जावई मागे हाताची घडी घालून उभा होता आणि एकदाही मध्ये बोलला नाही, यातच आलं सगळं. रॉ फायली चढायला सदतीस नाही, एकेचाळीस तास लागले. अध्यक्षांनी ताईंची लेखी माफी मागितली. मी तोंडी मागितली. ती जास्त अवघड होती.

सहा पुस्तकं काढून टाकावीत असं मला वाटत होतं. ताई नको म्हणाल्या. लोकांनी ती ऐकली आहेत, त्यांना खरं कळलं पाहिजे. प्रत्येकाच्या सुरुवातीला दादांनी स्वतःच्या आवाजात खुलासा ध्वनिमुद्रित करायचा आणि तो नेहमीसारखा त्यांच्याकडे तपासायला यायचा.

पहिल्यांदा दादांनी म्हटलं, 'तांत्रिक कारणांमुळे या पुस्तकाचं वाचन वेगळ्या पद्धतीने केलं आहे.' ताईंनी परत पाठवलं. दुसऱ्यांदा म्हटलं, 'या पुस्तकासाठी संगणकाची मदत घेतली आहे.' तेही परत. चार दिवस गेले. दादा ध्वनिकक्षात जायचे आणि काही न करता बाहेर यायचे.

पाचव्या दिवशी तिसरी फाइल आली. ताईंनी हेडफोनचा एक कान मला दिला.

'हे पुस्तक माणसाने वाचलेलं नाही. आवाज माझ्या पत्नीसारखा आहे, तिचा नाही. हे मी तिला आणि तुम्हाला न सांगता केलं. ते झाकण्यासाठी मी एका निर्दोष बाईचं नाव पुढे केलं. त्या या वाचनालयाच्या तपासनीस आहेत. ही चूक त्यांनीच ऐकली.'

ताईंनी ते पुन्हा एकदा लावलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि आपल्या ब्रेलच्या पाटीवर टोच्याने एकच शब्द टोचला.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"ठीक," त्या म्हणाल्या, आणि पुढची फाइल लावली.